'नुसता उंच उभा राहतो' म्हणणाऱ्यांना

'गनस्मोक' या जुन्या अमेरिकन वेस्टर्न टीव्ही मालिकेत कॅन्ससच्या मार्शलचं, म्हणजे कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम करणाऱ्या जेम्स आर्नेसवरच्या माझ्या श्रद्धांजलीच्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'गनस्मोक'चा भागसंख्येचा विक्रम कधीच मोडला, मालिकेत गोळीबाराचं उदात्तीकरण आहे, मूळ रहिवाशांची बाजू तिच्यात नाही, मराठी माणसाने कॅन्ससच्या मार्शलसाठी गळा काढू नये, आणि 'हा माणूस अभिनय करतो कुठे? नुसता उंच उभा राहतो, म्हणून तर एमी (अमेरिकेतलं टीव्हीचं मोठं पारितोषिक) मिळालं नाही.' शेवटी एक पुरवणी: 'म्हातारपणी असे उमाळे यायचेच.'

महोदय, आधी या पुरवणीबद्दल. तुमचं मत माझ्याहून वेगळं असायला माझी काहीच हरकत नाही. पण त्या मताला माझ्या वयाचा आधार कशाला लागला? माझं वय काढल्याने आर्नेसचा अभिनय बरा किंवा वाईट ठरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना काही रीत असते, आणि समोर बसलेल्या माणसाशी बोलतानाही. टोपणनावाआडून कुणाला टोचण्यात कसला आलाय स्पष्टवक्तेपणा?

एक गोष्ट मात्र मान्य करतो. 635 भागांचा तो विक्रम 2018 मध्ये 'द सिम्प्सन्स' या कार्टून मालिकेने मागे टाकला. मी 'त्या काळी' असं म्हटलं होतं, तरी हेही सांगायला हरकत नव्हती. फक्त एवढं लक्षात घ्या की कार्टूनमधली माणसं म्हातारी होत नाहीत. आर्नेस 1955 मध्ये बत्तीस वर्षांचा असताना मॅट डिलन, म्हणजे मालिकेतला तो मार्शल, झाला आणि 1975 मध्ये मालिका संपली तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. वीस वर्षं एकच भूमिका, आणि चेहऱ्यावर चढत गेलेलं वय खरं.

आता 'नुसता उंच उभा राहतो'कडे येतो.

त्याची उंची सहा फूट सात इंच. जानेवारी 1944 मध्ये इटलीत ॲन्झिओच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैन्य उतरलं, तेव्हा पाणी किती खोल आहे ते कळावं म्हणून नौकेतून सगळ्यात आधी याला उतरवलं होतं, कारण तुकडीत सगळ्यात उंच तोच. त्यानंतर थोड्याच दिवसांत मशीनगनच्या गोळ्यांनी त्याचा उजवा पाय फोडला. कितीतरी महिने इस्पितळात गेले. तो पाय पुन्हा पूर्ववत झालाच नाही, घोड्यावर बसायचं म्हटलं की दुखायचा. तुम्ही ज्याला 'नुसता उभा राहतो' म्हणता तो माणूस या पायावर उभा होता.

आणि एमीचं काढलंतच, तर तेही पूर्ण सांगतो. पहिली काही वर्षं मालिकेत डिलनचा मदतनीस चेस्टर होता, एक पाय ताठ ठेवून लंगडणारा. ते काम डेनिस वीव्हरने केलं. त्याचा पाय ठणठणीत होता, लंगडणं हा अभिनय होता, आणि फार चांगला होता. त्याला 1959 मध्ये एमी मिळालं, मला त्याचा आनंदच आहे. पण ज्याचा पाय खरोखर अधू होता तो त्याच चौकटीत शेजारी सरळ चालत होता. हा अभिनय नाही तर काय आहे? लंगडणं दिसतं म्हणून त्याला टाळ्या मिळतात. न लंगडणं कुणाला दिसतच नाही.

मला ते दिसलं, त्याला कारण आहे. माझे थोरले चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि त्याच युद्धात, त्याच इटलीत लढले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले ती हीच आघाडी, घाडग्यांना तो मरणोत्तर मिळाला. काका पाय अधू होऊन घरी आले. लग्नकार्यात पंगत उठेपर्यंत ते मांडवाच्या खांबाला हात टेकून, सगळा भार चांगल्या पायावर घेऊन उभे असायचे. कुणी पाट पुढे केला की 'बरा आहे मी' म्हणायचे. सत्तरच्या दशकात शिकायला कॅन्ससमध्ये होतो तेव्हा सोमवारी घरमालकांच्या बैठकीत 'गनस्मोक' लागायचं. मॅट डिलन लाँग ब्रँच सलूनच्या दारात उभा राहिला की मला काका दिसायचे. ॲन्झिओबद्दल मी पुष्कळ नंतर वाचलं. तुम्हाला तिथे अभिनय दिसत नसेल तर तुमच्या घरात असा कुणी नव्हता, इतकंच मी म्हणेन.

त्या सलूनच्या मालकिणीचं, मिस किटीचं, काय करायचं मग? अमांडा ब्लेकने ती भूमिका एकोणीस सीझन केली. मालिकेत किटी आणि डिलन यांचं लग्न झालं नाही, प्रेमाची कबुलीसुद्धा कधी धड दिली गेली नाही. तरी पाहणाऱ्या प्रत्येकाला सगळं कळत होतं. संवाद न देता हे पोचवणारा नट म्हणजे नुसती उंची?

बाकीचे मुद्दे. गोळीबाराबद्दल म्हणाल तर पहिलाच भाग बघा. त्यात समोरच्याची पहिली गोळी मार्शललाच लागते. पुढे तो जिंकतो ते हाताच्या वेगाने नव्हे, तर हा माणूस जवळूनच नेम धरू शकतो हे ओळखून, अंतर राखून. मूळ रहिवाशांचा विषय मोठा आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, माझ्या श्रद्धांजलीत तो शोधू नका. आणि मराठी माणसाने कुणासाठी रडावं हे मी तुम्हाला विचारणार नाही.

प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, आहे तशी ठेवली आहे, म्हातारपणासकट. पुढचं काही लिहायचं असेल तर तो पहिला भाग बघून लिहा, आणि जमलं तर स्वतःच्या नावाने.