पुलेशु, व्यनि आणि प्रकाटाआ

मराठी संस्थळांवर, म्हणजे लेख-चर्चेच्या संकेतस्थळांवर, चालणाऱ्या लघुरूपांची यादी देणारा एक लेख वाचला. यादी छान आहे, पण ही लघुरूपं कधी वापरायची तेही नव्या सदस्यांना सांगायला हवं. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. नुसतं तेवढंच लिहिलं तर लेख वाचल्याचं लेखकाला कळतच नाही, म्हणून आधी एखादा मुद्दा तरी लिहावा. टंकनचुका दाखवायच्या असतील तर व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करावा. धाग्यात, म्हणजे लेखाखालच्या जाहीर चर्चेत, नको.

सगळ्यात जास्त घोळ ‘प्रकाटाआ’चा, म्हणजे ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’. खाली कोणी उत्तर दिलेलं नसेल तर खुशाल काढा. उत्तर आलं असेल तर मात्र मूळ मजकूर राहू द्या आणि तळाशी ‘दुरुस्ती:’ लिहून चूक सुधारा, नाहीतर उत्तर देणारा हवेत बोलल्यासारखा दिसतो. उत्तर देताना ज्या वाक्यावर बोलायचंय तेवढंच उद्धृत करा. अख्खा प्रतिसाद चिकटवला की मोबाइलवर तुमचं उत्तर सापडतच नाही.

आणखी एक. ऑक्टोबर १९९५च्या ‘आरएफसी १८५५’ या इंटरनेटवरच्या शिष्टाचारांच्या दस्तऐवजात रोमन कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं, असं म्हटलंय. देवनागरीत कॅपिटल नाहीत, पण ‘वाचा!!!!’ हे तसंच ऐकू येतं. आणि शेवटी ‘हघ्या’ (हलके घ्या) जोडलं म्हणून अपमान पुसला जात नाही.