पैसा कोणाचा आणि विद्यापीठ कोणाचे : बर्कलीवरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि ती मनापासून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बिझनेस स्कूलच्या इतिहासावरील लेखात मी त्या संस्थेला ‘अमेरिकेच्या सार्वजनिक विद्यापीठातले पहिले बिझनेस स्कूल’ म्हटले होते आणि ती ‘राज्याच्या तिजोरीतून उभी राहिली’ असेही लिहिले होते. आपले म्हणणे असे, की पहिलेपणाचा मान पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन या बिझनेस स्कूलचा आहे, कारण पेनसिल्व्हेनिया हे राज्याचेच विद्यापीठ. आणि जी संस्था खाणसम्राटाच्या मुलीच्या देणगीतून जन्मली व आज एका उद्योगपती घराण्याचे नाव मिरवते, तिला सार्वजनिक म्हणणे म्हणजे देवळावर पाटी गावाची आणि गाभाऱ्याची किल्ली सावकाराकडे, असा प्रकार आहे.

तिजोरीचे माझे वाक्य चुकीचे होते, हे आधी कबूल करतो. ती चूक निष्काळजीपणाची आहे आणि मूळ लेखात मी ती दुरुस्त करीत आहे. मात्र त्या चुकीवरून आपण जो निष्कर्ष काढला आहे, तो मला पटत नाही.

व्हार्टनचा मुद्दा लवकर निकालात निघतो. जोसेफ व्हार्टन या उद्योजकाने एक लाख डॉलर देऊन १८८१ मध्ये ते स्कूल सुरू करून दिले हे खरे, पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ नावात राज्य असूनही खासगी आहे. नावावरून होणारी ही गल्लत अमेरिकेतही सर्रास होते. माझ्या ‘पहिले’ या शब्दावर आक्षेप घ्यायचाच होता, तर याहून धारदार हत्यार उपलब्ध होते. लुईझियानात १८५० च्या दशकात, तेथील विद्यापीठ अद्याप राज्याचे असताना, वाणिज्याचे अध्यापन सुरू करण्याचा प्रयत्न झाला होता. इलिनॉयच्या विद्यापीठानेही १८७० च्या सुमारास वाणिज्य शाखा उघडली आणि दहा वर्षांत बंद केली. त्यामुळे ‘पहिले’ याऐवजी ‘पहिले टिकलेले’ म्हणणे अधिक काटेकोर ठरेल आणि तसा बदलही मी करीत आहे. शिकागोचे वाणिज्य महाविद्यालय बर्कलीच्याच वर्षी, १८९८ मध्ये निघाले, परंतु ते विद्यापीठ खासगी असल्याने या वादात ते येत नाही.

आता देणगीविषयी. हा प्रसंग मूळ लेखात मी एका वाक्यात उरकला होता. तो तसा उरकायला नको होता.

जेम्स फ्लड हे सॅन फ्रान्सिस्कोत दारूचा गुत्ता चालवणारे गृहस्थ. गुत्त्यावर येणाऱ्या दलालांच्या तोंडून खाणींच्या शेअरबाजाराची नाडी त्यांना कळू लागली, नेव्हाडातील कॉमस्टॉकच्या चांदीत त्यांनी भागीदारांसह पैसा घातला आणि काही वर्षांत ते अमेरिकेतील गडगंज श्रीमंतांत जाऊन बसले. १८८९ मध्ये ते वारले. १८९८ मध्ये त्यांची मुलगी कोरा जेन हिने विद्यापीठाला जे दिले, ते रोख रकमेच्या थैल्या नव्हते. मेन्लो पार्क येथील ‘लिंडन टॉवर्स’ हा वडिलांचा वाडा, त्याभोवतीची काही शे एकर जमीन आणि एका पाणीपुरवठा कंपनीचे बहुतांश समभाग असे त्या दानाचे स्वरूप होते. तो पांढराशुभ्र, मनोरे आणि नक्षीकामाने लगडलेला लाकडी वाडा लोक थट्टेने ‘फ्लडचा वेडिंग केक’ म्हणत. विद्यापीठाच्या दृष्टीने तो चक्क पांढरा हत्ती होता, कारण त्यातून उत्पन्न शून्य आणि देखभालीचा खर्च मात्र पाठीशी. अखेर काही वर्षांनी कोरा जेनच्या भावानेच तो परत विकत घेतला.

या दानाची अट मात्र मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. मालमत्तेचे निव्वळ उत्पन्न वाणिज्य शिक्षणाच्या कोणत्या तरी शाखेसाठी वापरावे, एवढेच तिने सांगितले होते. कोणते विषय शिकवावेत, कोणाला नेमावे, कोणाला प्रवेश द्यावा, यांपैकी कशाबद्दलही त्या अटीत अक्षर नाही. वाणिज्य महाविद्यालयाची कल्पनाही तिची नव्हती. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे एक सदस्य, म्हणजे तिकडच्या भाषेत रीजंट, आर्थर रॉजर्स हे त्या कल्पनेचा आधीपासून पाठपुरावा करीत होते आणि तिला पैशाचे पाठबळ तेवढे मिळत नव्हते. तेव्हा देणगीने महाविद्यालय शक्य केले, पण त्याचे स्वरूप ठरवले नाही. आपल्याच उपमेत सांगायचे तर सावकाराने गाभारा बांधायला जमीन दिली, किल्ली मात्र मागितली नाही.

मग किल्ली कोणाकडे होती? १८७९ च्या कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेने हे विद्यापीठ ‘सार्वजनिक न्यास’ म्हणून घोषित केले. त्याचा कारभार रीजंटांच्या मंडळाकडे असतो, बहुतेक रीजंट गव्हर्नर नेमतात आणि खुद्द गव्हर्नर व विधानसभेचे अध्यक्ष पदसिद्ध रीजंट असतात. रीजंटांत बडे वकील, बँकर आणि जमीनदारच अधिक भरलेले असत हे मला ठाऊक आहे आणि त्यावर टीका करायला भरपूर वाव आहे. पण ती टीका सार्वजनिक सत्तेच्या वापरावरील टीका होईल. सत्ता खासगी होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. दुसरे असे, की १८६८ च्या स्थापना कायद्यानुसार राज्यातील रहिवाशांना या विद्यापीठात शिकवणी शुल्क नव्हते आणि १८७० पासून स्त्रियांनाही प्रवेश खुला झाला होता. वाणिज्य महाविद्यालय याच चौकटीत निघाले. शेतकऱ्याच्या मुलाला तेथे बसण्यासाठी फ्लड घराण्याची शिफारस लागत नव्हती.

राज्याने स्वतः पैसा का घातला नाही, या आपल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे. ज्या १८६२ च्या संघीय कायद्यातून अशा विद्यापीठांना जमिनी मिळाल्या, त्यात कृषी आणि यंत्रविद्या यांचा नावानिशी उल्लेख होता, वाणिज्याचा नव्हता. दुकानदारी ही दुकानात शिकावी, हिशेब मुनीमाच्या हाताखाली शिकावेत, त्यासाठी विद्यापीठ कशाला, ही समजूत तेव्हा व्यापाऱ्यांची होती आणि प्राध्यापकांचीही होती. या दोन वर्गांचे एरवी क्वचितच एकमत होत असे.

ही समजूत बर्कलीत कशी मोडली गेली, तो भाग मला सर्वांत रंजक वाटतो आणि आपल्या तिसऱ्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. ‘जनतेच्या विद्यापीठात धनिकांसाठी कारकून घडवण्याचा कारखाना’ असे आपण म्हटले आहे. पहिले डीन कार्ल प्लेन हे सार्वजनिक वित्ताचे, म्हणजे सरकारने कर कसे बसवावेत आणि पैसा कसा खर्च करावा या विषयाचे अभ्यासक होते. सुरुवातीच्या अभ्यासक्रमात महाविद्यालयाचे स्वतःचे असे थोडेच होते. अर्थशास्त्र, इतिहास, कायदा, राज्यव्यवस्था, व्यापारी भूगोल आणि भाषा हे विषय त्यात अन्य विभागांकडून आले. चीनमध्ये अनेक वर्षे वैज्ञानिक ग्रंथांची चिनी भाषांतरे केलेले जॉन फ्रायर १८९६ पासून बर्कलीत पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक होते, आणि १८९८ हे तर हवाई बेटे अमेरिकेत विलीन होण्याचे आणि स्पेनशी युद्ध होऊन फिलिपिन्सकडे अमेरिकेची नजर वळण्याचे वर्ष. पॅसिफिकपलीकडच्या बाजारपेठेची ओढ या सगळ्यामागे होती, हे मी नाकारणार नाही. त्यात साम्राज्याचा वास आपल्याला येत असेल तर तो मलाही येतो. कारकून मात्र त्या अभ्यासक्रमातून घडणारे नव्हते.

हिशेबशास्त्राला विद्यापीठात प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम हेन्री रँड हॅटफिल्ड यांनी केले. ते शिकागोहून १९०४ मध्ये आले आणि १९०९ पासून दशकभर डीन होते. जमाखर्च लिहिणे ही हमाली असून तिला विद्येच्या पंगतीत पाट मांडू नये, असे मानणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये त्यांना वावरावे लागले. १९२३ च्या अखेरीस हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या तुच्छतेला जे उत्तर दिले, ते इतिहासाच्या आधारे दिले. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवण्याच्या द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन १४९४ मध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने केले आणि तेही एका गणिताच्या ग्रंथात, तेव्हा या विद्येचे कूळ विचारणाऱ्यांनी आधी आपल्या विद्येचे कूळ तपासावे, असा त्या व्याख्यानाचा एकूण रोख आहे. आमच्या वाणिज्याच्या वर्गात पाचोलीचे नाव एका गुणाच्या रिकाम्या जागेपुरते येत असे; त्या नावाने कोणी एके काळी आपल्या विषयाची अब्रू राखली होती, हे मला फार उशिरा कळले.

त्यानंतरची वर्षे मी भराभर सांगतो. १९४० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हे महाविद्यालय जवळजवळ अर्थशास्त्र विभागाच्या प्राध्यापकांवरच चालत होते. इवॉल्ड ग्रेदर १९४१ ते १९६१ अशी वीस वर्षे डीन होते. त्यांच्या काळात व्यवसाय प्रशासनाचा स्वतंत्र विभाग झाला, महाविद्यालयाचे ‘स्कूल’ झाले आणि १९५५ मध्ये पदव्युत्तर स्कूलही निघाले. १९४५ मध्ये औद्योगिक संबंधांची संस्था स्थापन झाली व क्लार्क कर हे अर्थशास्त्रज्ञ तिचे पहिले संचालक झाले. मालक आणि कामगार संघटना यांच्यातील तंट्यांचा अभ्यास करणारी संस्था केवळ मालकांच्या सोयीची होती, असे आपणही म्हणणार नाही. आणि १९५९ मध्ये अमेरिकेतील बिझनेस स्कूलांच्या उथळपणावर कोरडे ओढणारा जो अहवाल फोर्ड प्रतिष्ठानच्या पुढाकाराने निघाला, त्याच्या दोन लेखकांपैकी रॉबर्ट आरन गॉर्डन हे बर्कलीचेच अर्थशास्त्रज्ञ होते. स्वतःच्या आवारातून अशी टीका निघू देणे, हेही सार्वजनिक विद्यापीठाचे एक लक्षण मी मानतो.

आता स्कूलला आज असलेल्या ‘हास’ या नावाकडे येऊ. येथे मात्र आपल्या म्हणण्यातील तथ्य मला अधिक जाणवते. वॉल्टर हास हे याच महाविद्यालयाचे १९१० चे पदवीधर. पुढे ते लिव्हाय स्ट्रॉस या जीन्स बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले. त्यांच्या घराण्याच्या निधीने दीड कोटी डॉलर दिल्यावर १९८९ मध्ये स्कूलला त्यांचे नाव देण्यात आले, आणि वास्तुविशारद चार्ल्स मूर यांनी आखलेली नवी वास्तू, मूर यांच्या निधनानंतर, १९९५ मध्ये खुली झाली. कोरा जेनने एवढे देऊनही तिचे नाव महाविद्यालयाला लागले नव्हते. ते एका अध्यासनापुरते, म्हणजे एका प्राध्यापकपदापुरते राहिले. ९१ वर्षांत देणगीची भाषा बदलली, हे यावरून दिसते. तरीही पाटी बदलली म्हणून संस्था खासगी झाली, असे मी म्हणणार नाही, कारण पाटीखाली कारभार त्याच रीजंटांचा राहिला.

माझ्या मते खरा धक्का पाटीपेक्षा पावतीने दिला. राज्याचा हात आखडत गेला, १९९० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाने व्यावसायिक पदव्यांसाठी वेगळे जादा शुल्क लावण्यास सुरुवात केली आणि सार्वजनिक व खासगी एमबीएच्या शुल्कातले अंतर हळूहळू पुसट होत गेले. याच विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधील बिझनेस स्कूलने तर पूर्णवेळ एमबीए राज्याच्या निधीविना, स्वतःच्या उत्पन्नावर चालवण्याची परवानगी २०१३ मध्ये मिळवली. सार्वजनिक विद्यापीठाच्या आवारात, सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवीसाठी, राज्याचा एक डॉलरही न घेणारा अभ्यासक्रम! १८६८ च्या कायद्याने जे दार शुल्काविना उघडे ठेवले होते, ते कोणा दानशूराने ओढून घेतले नाही. ज्यांच्याकडे किल्ली होती त्या रीजंटांच्याच कारभारात, अंदाजपत्रकाच्या एकेका बैठकीत, ते लोटले गेले. आपला सगळा रोष देणगीदारांवर आहे. तो मला चुकीच्या पत्त्यावर गेलेला वाटतो, एवढाच आपल्यातला मतभेद.

शेवटी आपण जाता जाता विचारलेला प्रश्न. होय, १९२८ ते १९३७ या काळात बर्कलीत डीन असलेले हेन्री ग्रेडी आणि १९४७ मध्ये भारतात आलेले अमेरिकेचे पहिले राजदूत हेन्री ग्रेडी ही एकच व्यक्ती. त्यापूर्वी, १९४२ मध्येही ते येथे येऊन गेले होते. युद्धसामग्रीचे भारतातील उत्पादन कसे वाढवता येईल हे पाहण्यासाठी अमेरिकेने पाठवलेल्या तांत्रिक मंडळाचे ते प्रमुख होते. त्या मंडळावर मी स्वतंत्र लेख लिहिण्याच्या विचारात आहे. त्यात ‘पहिले’ हा शब्द वापरण्यापूर्वी या वेळी दोनदा तपासून घेईन.