खुलासा: ‘चकचकीत स्टील अचानक तुटत नाही’ हे खरं नाही

शिडाच्या डिंगी (छोट्या होड्या) चालवणाऱ्यांत एक मजकूर फिरतो आहे: होडीवरच्या स्टेनलेस स्टीलच्या फिटिंगला (जोडणीच्या सुट्या भागाला) गंज नसेल तर ते सुरक्षित, आणि तुटण्याआधी ते वाकून इशारा देतंच. दोन्ही दावे चुकीचे आहेत. दुसरा तर जिवावर बेतू शकतो.

धातू वाकतो तो एकाच मोठ्या ताणाने. होडीवर मात्र प्रत्येक लाटेसरशी डोलकाठीच्या आधारतारा ताणतात, सैलावतात. धातूच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी असलेला हा ताण लाखो वेळा आला, की भोकाच्या कडेला, स्क्रूच्या आट्यांत किंवा तार जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे बारीक भेग पडते. ती वाढत जाते आणि उरलेला भाग क्षणात तुटतो, कधी मंद वाऱ्यातही. जर्मन अभियंता आउगुस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर हे १८६०च्या दशकातच दाखवून दिलं होतं.

ॲल्युमिनियम तर कितीही कमी, पण वारंवार येणाऱ्या ताणाने कधी ना कधी थकतं, म्हणजे त्याला भेग पडते. ‘लेझर’ या प्रकारच्या डिंगीच्या डोलकाठीचा वरचा ॲल्युमिनियमचा तुकडा कॉलरच्या (तो खालच्या तुकड्यात जिथे बसतो तिथल्या कड्याच्या) रिव्हेटपाशी मोडतो, तो यामुळेच.

स्टेनलेसचं संरक्षक कवच ऑक्सिजनवर टिकतं. फिटिंगवर गुंडाळलेल्या टेपखाली खारं पाणी अडकलं की ऑक्सिजन पोचत नाही, कवच फुटतं आणि वरून चकाकणाऱ्या धातूत खड्डे पडतात.

म्हणून टेप काढा, गोड्या पाण्याने धुवा, भिंगाने पाहा. तारेचा एक पदर जरी तुटलेला दिसला तरी अख्खी तार बदला. वाकलेलं फिटिंग ठोकून सरळ करून पुन्हा लावू नका.