काय उजेड पाडलात!

1961 च्या जुलैत पानशेत फुटलं आणि आजोबांचं शनिवार पेठेतलं बिऱ्हाड भांड्याकुंड्यांसकट मुठेच्या पाण्यात गेलं. पुढे त्यांनी सहकारनगरला प्लॉट घेऊन घर बांधलं, ते त्याच धसक्यात. जोतं चार फूट, भिंती नऊ इंची विटेच्या आणि खिडक्या माणसाच्या छातीच्या वर. जागा पर्वतीच्या मागे, चढावर. मुठेचं पाणी तिथवर यायचं तर आधी निम्मं पुणं बुडायला हवं. (2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने आजोबांची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, पण आमच्या फाटकापर्यंत तोही पोचला नाही.) तर घरात पाणी कधी शिरलं नाही. उजेडही शिरला नाही. भर दुपारी दिवा लावून पेपर वाचणं हा आमचा तीन पिढ्यांचा कुळाचार.

शेवटी बायकोने डिझायनर आणली. तिने मला काका म्हटलं, आईला आजी म्हटलं आणि घराला ‘स्पेस’ म्हटलं.

“काका, स्पेस छान आहे, फक्त लाइट नाहीये.”

ही गोष्ट आम्हाला साठ वर्षं फुकटात माहीत होती. मग तिने पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. “ही उडवू. इथे पूर्ण काच.”

आईला कोणी काही विचारलं नाही. तिचं एवढंच म्हणणं होतं, की गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना चढवत नाही, त्याचं काहीतरी करा. जिना बजेटात बसला नाही.

कॉन्ट्रॅक्टरने भिंतीवर बोटाने टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं. चेहराही तसाच केला. “साहेब, ही लोडबेरिंग आहे. नुसती काढली तर वरची खोली खाली येईल. उजेड येईल म्हणा भरपूर, थेट आभाळातून.” मग इंजिनिअर आला, टेकू लागले, लोखंडी गर्डर आला. तो वर चढवत होते तेवढा वेळ आई देवासमोर बसून रामरक्षा म्हणत होती. गर्डर बसेपर्यंत चार वेळा झाली.

“गणपतीपर्यंत घर ताब्यात देतो,” असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता. दिलंही. माघातल्या. भाद्रपदातले असं आपण कधीच म्हटलं नव्हतं, हे त्याने मला शांतपणे पटवून दिलं.

तोवर आम्ही चौघं, फ्रिज, शेगडी आणि देव, सगळे एका खोलीत. आमटीत सिमेंट लागायचं. कुठल्या दिवशी गिलावा आणि कुठल्या दिवशी नुसती फोडाफोड, हे मी चवीवरून सांगू लागलो होतो. आणि राडारोडा! भिंत उभी असताना एवढीशी वाटायची. पडल्यावर तिने अंगण भरलं, फाटक अडवलं, वर शेजाऱ्यांची तुळसही गाडली.

मला काम मिळालं पाणी मारायचं. “सात दिवस सकाळ-संध्याकाळ, सर. गिलावा सुकता कामा नये.” बँकेत तीस वर्षं लोकांना उभं केलेला माणूस मी; आता हातात नळी घेऊन स्वतः भिंतीसमोर उभा. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून शेजारचे काका म्हणाले, “चालू द्या. आमच्या नळाला आज पाणी का नाही, ते कळलं.”

इलेक्ट्रिशियनने एकदा घाईघाईत विचारलं, “दिवे तीन हजारचे लावू की साडेसहा हजारचे?” मी तीन हजारचे म्हणालो. कुठलाही बँकवाला हेच म्हणाला असता. तो केल्विनबद्दल बोलत होता, हे संध्याकाळी बटण दाबल्यावर कळलं. साडेसहा हजारचे पांढरे असतात, तीन हजारचे पिवळे. घरातल्या चौघांनाही हळद लागल्यासारखं दिसत होतं. “वॉर्म वाटतं,” डिझायनर म्हणाली. दिव्यांची आणि माझी, दोघांची अब्रू वाचली.

दिवसा मात्र तिने शब्द पाळला होता. एप्रिल उजाडला आणि दुपारी तीननंतर काचेतून असं ऊन यायला लागलं, की टीव्हीवर फक्त माझंच तोंड दिसायचं. मी काळा चष्मा लावून पेपर वाचू लागलो. पडदे लावू का, असं विचारल्यावर डिझायनर फोनवर दुखावली. आधी फोटो होऊ देत म्हणाली.

त्या शनिवारी ती फोटोग्राफरला घेऊनच आली. दार आईने उघडलं. सोफ्यावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर साबुदाण्याच्या पापड्या. टीपॉयवर सांडगी मिरच्या. काचेपासून जेवणाच्या टेबलापर्यंत जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांवर कुरडया, पांढऱ्याशुभ्र, रांगेत.

“ये गं बाळ, ये! काय उजेड पाडलास!” आईने तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. “जिना नाही, कावळे नाहीत. दोन दिवसांत खडखडीत. शेजारणींचंही आणून ठेव म्हटलंय.”

डिझायनर माझ्याकडे बघत होती. मी काळा चष्मा काढला नाही. फोटोग्राफरने बूट काढले आणि कुरडयांमधून पाऊल ठेवायला जागा शोधू लागला.