ओठांची हद्द

साठीच्या बाईने आयलायनर लावायचा म्हटला की पहिली अडचण चष्म्याची. चष्मा घातला तर कांडी डोळ्यापर्यंत पोचत नाही. काढला तर डोळा नेमका कुठे आहे तेच दिसत नाही. आरशाला नाक टेकवून उभं राहावं, तर श्वासाने आरसा धुरकटतो आणि मग ओढलेली रेघ डोळ्याचीच असेल याची खात्री देता येत नाही. आमच्या भिशीतल्या एकीची भुवईला जाऊन मिळाली होती. यासाठी खास चष्मेसुद्धा मिळतात. एका डोळ्यावरची काच खाली पाडून तो डोळा रंगवायचा, दुसऱ्याने काचेतून बघायचं. पण तो चष्मा लावलेली बाई आधी बघितली तर पुढचा मेकअप बघायची कुणाला हिंमत होणार नाही.

तर हे सगळं सुरू झालं भिशीत. आम्ही बेळगावच्या टिळकवाडीतल्या बायका, सगळ्या साठीच्या अलीकडच्या नाहीतर पलीकडच्या. महिन्याला चिठ्ठी काढायची, चहा-चिवडा खायचा, गुडघ्यांची चौकशी करायची, एवढाच कार्यक्रम. एकीची सून पुण्याहून आली आणि जाताना मेकअपची अर्धी पेटी इथेच टाकून गेली. ही बाई ती पेटी घेऊन भिशीत हजर. "टाकवत नाही गे, आणि लावायला धाडस होत नाही. काय करू मी?"

भिशीत एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्यांनी सर्वांत आधी मस्कारा जप्त केला. एकीच्या डोळ्याचं दुसरीला चालत नाही, आणि मस्कारा उघडला की तीन महिन्यांत फेकायचा असतो, असं त्यांनी वॉर्डातल्या आवाजात सांगितलं. मग सगळ्या वस्तूंची नावं कागदावर लिहून भिशीच्या डब्यात टाकली. जी चिठ्ठी येईल ती वस्तू आपापली नवी आणायची आणि पुढच्या भिशीला लावून यायचं. आणि हो, घरून लावून यायचं, रस्त्याने चालत. ही शेवटची अट कुणाच्या डोक्यातून निघाली ते अजून कबूल होत नाही.

मला लाल लिपस्टिक आली.

आता माझा आजवरचा मेकअप सांगते. पावडर. संपला. लग्नाला जायचं असेल तर पावडर आणि काजळ. लॅक्मे ही कंपनी १९५२ साली निघाली, म्हणजे वयाने माझ्या थोरल्या बहिणीएवढी, पण आमच्या घरात तिला कधी उंबरठा ओलांडता आला नाही. ओठ रंगवायचे ते पान खाऊन. माझ्या आईचा सगळा शृंगार एका करंड्यात मावायचा. आधी कपाळाला मेण, मग त्यावर पिंजर, म्हणजे दिवसभर घामाने हलत नाही. पेटीतल्या प्राइमरवरची, म्हणजे मेकअपच्या आधी तोंडाला लावायच्या लेपावरची, माहिती वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे तर आईचं मेण! फक्त आता ते कपाळभर मावत नाही, तोंडभर लागतं आणि किंमतही तोंडभर सांगतात. काजळ आई घरी धरायची, एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट पालथं घालून. ते तुपात खललं की डोळ्यात जायचं आणि संध्याकाळी गालावर यायचं. त्याला तेव्हा कुणी स्मोकी म्हणत नव्हतं, "तोंड धुऊन ये" म्हणायचे.

लिपस्टिक आणायला गणपत गल्लीत गेले. आमच्याकडच्या दुकानाची एक रीत असते. पाटी कन्नडमध्ये, डबीवरची अक्षरं इंग्रजीत, भाव हिंदीत आणि घासाघीस मराठीत. काउंटरवरच्या पोराने माझ्या हातावर तांबड्याच्या इतक्या रेघा ओढल्या की मनगट ते कोपर रस्त्याचा नकाशा झाला. प्रत्येक रेघेला तो "चलो काणतैत्री अक्का" म्हणत होता. सगळ्याच छान दिसतात म्हणणाऱ्या माणसावर किती विश्वास ठेवावा? शेवटी एक पसंत केली तेव्हा तो म्हणाला, "लिपलायनर घ्या की संगती. नाहीतर रंग बाहेर पळतो बघा."

बेळगावच्या माणसाला हद्दीचा विषय शिकवायला लागत नाही. राज्यांची फेररचना १९५६ची, महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, आणि २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात. त्या वादात जन्मून, शिकून, लग्न करून, पोरांची लग्नं लावून मी म्हातारी झाले. तेव्हा ओठांचा सीमाप्रश्न आपण सहज हाताळू असं वाटलं होतं. पण या वयात ओठांभोवती उभ्या बारीक सुरकुत्या पडलेल्या असतात, आणि चकचकीत ओली लिपस्टिक त्या एकेका ओढ्यातून वर चढते. सकाळी ओठांवर असलेला प्रदेश दुपारी मिशीच्या जागेपर्यंत पसरलेला. लायनरात मेण जास्त, म्हणून तो जागचा हलत नाही. आधी त्याने कुंपण घालायचं, आतला भागही त्यानेच भरायचा, वर लिपस्टिक, मग कागदी रुमाल दोन ओठांत धरून जादाचं टिपायचं. कोरडी मॅट घेतली तर ती हद्द पाळते, पण कोरड्या ओठांवर तिला भेगा पडतात. म्हणजे शांतता पाहिजे तर दुष्काळ सोसा! मी लायनर घेतला. कुंपण घालताना उजवीकडची बाजू डावीकडच्यापेक्षा जरा वर गेली. पुसून डावी चढवली, मग ती वर. असं करत दोन्ही बाजू नाकाच्या दिशेने निघाल्या, तेव्हा मी वाटाघाटी थांबवल्या.

बाहेरच्या खोलीत आले. अहोंनी पेपरातून मान वर केली. "ओठाला लागलं काय गं? बर्फ लाव."

रस्त्याने जायचं होतं. पावसाळ्याचे दिवस, बेळगावची ती झिमझिम. छत्री तोंडापुढे धरता येत होती हे एक बरं. तरी कोपऱ्यावरच्या भाजीवालीने गाठलंच. ती येळ्ळूरची, रोजची ओळखीची. "काय मावशी, कुणाचं लगीन?" लग्न नाही म्हटल्यावर तिने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली आणि जरा काळजीने विचारलं, "मग?" या "मग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाल शालू नेसले असते, लाल टिकली रुपयाएवढी लावली असती, कपाळाला मळवट भरला असता, तर कुणी "मग" म्हटलं नसतं. तोच रंग चार बोटं खाली आला की गावाला कारण द्यावं लागतं. मी म्हटलं, "भिशी आहे." ती म्हणाली, "होय की." आणि कोथिंबीर जास्तीची घातली, आजाऱ्याला घालतात तशी.

भिशीत पोचले तर माझं काहीच नव्हतं. फाउंडेशनवाल्या बाईंनी रंग हाताच्या पाठीवर जुळवून आणला होता, त्यामुळे चेहरा हाताचा आणि मान स्वतःची दिसत होती. नर्सबाई म्हणाल्या, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात बघायचं असतं. शिवाय वरून पावडर थापलेली. पाळी गेली की कातडीतलं तेल कमी होतं, मग पावडर सुरकुत्यांत जाऊन बसते आणि ज्या लपवायच्या त्याच ठळक होतात. नवा वॉटरप्रूफ मस्कारा आणलेली अक्का मात्र पावसातून कोरडी ठणठणीत आली. तिचा घोटाळा रात्री झाला. साबणाने तो काही निघेना. खोबरेल लावून पुसा, हे सांगायला तिला फोनवर कुणीतरी भेटेपर्यंत अकरा वाजले होते.

पुढच्या महिन्यात सगळ्यांना मिळून नकली पापण्या आल्या आहेत. नर्सबाईंचा हुकूम निघाला आहे, की त्याचा डिंक आधी कानामागे लावून एक दिवस बघा, खाज आली तर नाव मागे घ्या. तेव्हा सध्या टिळकवाडीतल्या बऱ्याच प्रतिष्ठित बायका कानामागे डिंक लावून बाजार करत आहेत.