200 रुपयांच्या तपासणीसाठी विमा मोडू नका

"डॉक्टरकडे साध्या तपासणीला गेलात तर विमा आहे हे सांगू नका. रोख दिलेत तर निम्म्यात काम होतं. हप्ता भरणं म्हणजे निव्वळ तोटा, विमा काढूच नका." हा मेसेज सध्या कुडाळ-मालवणकडच्या ग्रुपांवर फिरतोय आणि मुंबईचे चाकरमानीही तो काळजीपोटी गावी पाठवतायत. म्हणून त्यातलं एकेक विधान घेतो.

विमा दाखवला की तपासणी महागते, हे पहिलं. आपल्याकडे साध्या तपासणीला विम्याचा वेगळा दर सहसा नसतोच. बाजारपेठेतल्या दवाखान्यात डॉक्टर तपासतात, कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधून देतो, आपण पैसे देऊन निघतो. विम्याचं कुणी विचारत नाही. नेहमीची पॉलिसी 24 तास दाखल झाल्यावर लागू होते. मोतीबिंदू, डायलिसिससारख्या काही उपचारांना ती अट नाही. दाखल न होता केलेल्या तपासणीचे पैसे हवे असतील तर ओपीडी कव्हर असावं लागतं.

'निम्म्यात काम होतं' हे अमेरिकेतल्या अनुभवावरून आलेलं दिसतं. तिथे बऱ्याच पॉलिसींत वर्षाला ठरावीक रक्कम भरेपर्यंत डॉक्टरचं बिल रुग्णालाच द्यावं लागतं, तेही विमा कंपनीशी ठरलेल्या दराने. दवाखान्याचा रोखीचा दर कधी कधी त्याहून कमी असतो, हे खरं. पण असे परस्पर दिलेले पैसे त्या ठरावीक रकमेत सहसा धरले जात नाहीत. म्हणजे तिथेही हा सल्ला सरसकट लागू नाही.

आपल्याकडे खरी तुलना खासगी दवाखाना आणि सरकारी आरोग्य केंद्र यांची आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी मोफत आहे, केसपेपरलाही पैसे नाहीत. राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं 5 लाखांचं संरक्षण मात्र दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. सर्दी-खोकल्याला त्या योजनेचं कार्ड चालत नाही.

'रोख द्या, कागद कशाला' अशी पुस्तीही काहींनी मेसेजला जोडली आहे. मला सर्वांत घातक तीच वाटते. लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या माणसाला ताप भरतो, पोटऱ्या ठणकतात. पहिल्या दिवशी 200 रुपये देऊन तपासणी, दुसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी. चौथ्या दिवशी लघवी कमी होते, लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) निघतो आणि गाडी काढून कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागतं. बऱ्याच पॉलिसींत दाखल होण्याआधीच्या 30 दिवसांतला त्याच आजाराचा खर्चही मिळतो, आधीच्या तपासणीचा आणि लॅबचासुद्धा. पण त्यासाठी नाव-तारीख असलेली पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट लागतात. पैसे रोख द्या, हरकत नाही; पावती मागायला संकोच करू नका.

मेसेजमागचा राग मात्र मी समजू शकतो. मेडिक्लेम आहे म्हटल्यावर काही ठिकाणी महागडी खोली पुढे केली जाते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल तर ती ओलांडल्यावर बाकीच्या बिलातही कपात होऊ शकते. त्यामुळे दाखल होतानाच दरपत्रक मागा. खासगी रुग्णालयांनी ते लावलंच पाहिजे, असा राज्याचा 2021 चा नियम आहे.

उरलं 'विमा काढूच नका'. मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार असतील तर त्यांच्या उपचाराच्या दाव्यासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागतं. पॉलिसी तुटली की हा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. साठीच्या पुढच्या माणसाला नवी पॉलिसी महागही पडते. हा मेसेज वाचून ज्यांनी यंदाचं नूतनीकरण अडवून ठेवलंय, त्यांनी पॉलिसीवरची तारीख आजच बघा. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर साधारण 30 दिवस सवलतीचे मिळतात, पण त्या मधल्या दिवसांत दाखल व्हावं लागलं तर दावा मिळेलच असं नाही.