जुलाबात ओआरएसइतकीच झिंकची गोळीही महत्त्वाची

लहान मुलांच्या जुलाबांवरील तुमच्या लेखात ओआरएसचे, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या क्षार-साखरेच्या द्रावणाचे, महत्त्व नेमके मांडले आहे. मात्र झिंकच्या गोळीचा उल्लेख राहून गेला, याची खंत वाटते. सहा महिन्यांवरील मुलाला ती रोज 20 मिलिग्रॅम याप्रमाणे 14 दिवस, जुलाब थांबल्यानंतरही, द्यायची असते आणि नेमकी तीच अर्ध्यावर सोडली जाते. गेल्या पावसाळ्यात कोथरूडला आमच्या नातवाला जुलाब लागले, तेव्हा आम्ही ओआरएसची एक लिटर पाण्यासाठीची पुडी पेलाभर पाण्यात कालवली होती. असे दाट द्रावण रक्तातील सोडियम वाढवून उलट अपायच करते, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हते. डोळे खोल जाणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे किंवा मूल मलूल पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. अंगावरचे दूध मात्र चालूच ठेवावे.